पुठ्ठ्याचा चष्मा

भूगोल शिकवणाऱ्याची एक अडचण असते. त्याला ज्या गोष्टी शिकवायच्या असतात, त्यांतल्या निम्म्या वर्गात आणता येत नाहीत आणि उरलेल्या जमिनीखाली असतात. गणिताच्या सरांनी फळ्यावर काढलेला त्रिकोण हा खरोखरचा त्रिकोण असतो. मी काढलेला ज्वालामुखी मात्र खडूचा डोंगरच राहतो. बी.एड.ला असताना आम्ही थर्माकोलचे ज्वालामुखी करत असू. त्यांत लाल शाई ओतली की पाठ पाहायला आलेले प्राध्यापक मान डोलवत. मुलांना त्या शाईतून काय कळले, हे कोणी विचारत नसे.

आता काळ बदलला आहे. पाठ्यपुस्तकावर क्यू-आर कोड असतो, तो मोबाइलवर धरला की चित्रफीत दिसते. आणखी पुढची गोष्ट म्हणजे ‘आभासी वास्तव’. डोळ्यांवर एक पेटी चढवायची, की आपण वर्गात बसूनही समुद्राच्या तळाशी किंवा हिमालयाच्या माथ्यावर उभे असल्यासारखे वाटते. त्याचाच एक भाऊ आहे, ‘संवर्धित वास्तव’. त्यात समोरचे खरे जग दिसतच राहते आणि त्यावर यंत्र आपले एक चित्र चढवते.

ही पेटी महाग असेल, आपल्या शाळेला कुठली परवडणार, असे मला वाटत होते. मग कळले की २०१४ साली गूगलच्या पॅरिसमधल्या दोन अभियंत्यांनी अशी पेटी चक्क पुठ्ठ्याची केली होती. पुठ्ठा, दोन भिंगे आणि आत ठेवायला मोबाइल, बस्स. मी सांगलीत दोन भिंगे विकत घेतली आणि बुटांच्या खोक्यापासून घरीच चष्मा तयार केला. मुलांनी त्याला लगेच नाव दिले, ‘पुठ्ठ्याचा चष्मा’.

हा चष्मा काय करतो, ते आधी पाहू. एक डोळा मिटून समोरच्या खांबाकडे पाहा. मग तो उघडून दुसरा मिटा. खांब थोडा सरकल्यासारखा दिसेल. आपले दोन डोळे दोन जागी असतात, म्हणून त्यांना दोन निराळी चित्रे दिसतात. मेंदू ती जोडतो आणि वस्तू जवळ आहे की लांब, हे ठरवतो. मोबाइलच्या पडद्यावर अशीच दोन चित्रे शेजारी शेजारी असतात. प्रत्येक भिंगातून एक डोळा एकच चित्र पाहतो आणि मेंदू फसतो. ही युक्ती काही आजची नाही. इंग्लंडमधल्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती १८३८ साली मांडली होती. विमानातून काढलेली छायाचित्रे अशाच दोन-दोनच्या जोड्यांनी पाहून भूशास्त्रज्ञ डोंगर-दऱ्या ओळखत आले आहेत. मोबाइलने त्यात एवढीच भर घातली, की मान वळवली की दृश्यही वळते.

माझ्या वर्गात बावन्न मुले आणि मोबाइल एक, तोही माझा. एकाने पाहायचे आणि एकावन्न जणांनी आपली पाळी येण्याची वाट पाहायची, तर गोंधळ ठरलेला! म्हणून मी एक नियम केला. ज्याच्या डोळ्यांवर चष्मा असेल, त्याने दिसेल ते मराठीत मोठ्याने सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकून वहीत चित्र काढायचे. पहिल्या दिवशी आम्ही सह्याद्रीचा कडा पाहिला. चष्मा लावलेला मुलगा सांगू लागला, “मी डोंगरावर उभा आहे. समोर खोल दरी आहे.” थोड्या वेळाने वह्या पाहिल्या, तर एका पठ्ठ्याने डोंगराच्या पायथ्याशी झालरीची छानदार सतरंजी अंथरली होती. उर्दूत दरी म्हणजे सतरंजी, नाही का! पुढच्याच आठवड्यात एका मुलीने लिहिले, “कृष्णा दर्या सांगलीतून वाहतो.” उर्दूत दरिया म्हणजे नदी आणि मराठीत दर्या म्हणजे समुद्र. कृष्णेचा समुद्र झालेला सांगलीकरांनी पाहिला आहे, त्यामुळे त्या वाक्याला चूक म्हणायला माझे मन तयार होईना. नकाशा, जमीन, हवा हे शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच अर्थ घेऊन राहतात. भूगोलाच्या वर्गात ही एक मोठी सोय आहे.

एक-दोन मुलांना चष्म्यातून पाहताना गरगरल्यासारखे झाले. यात घाबरण्यासारखे काही नाही. डोळे सांगतात की आपण हलत आहोत आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण स्वस्थ बसलो आहोत. दोघांचे भांडण होते आणि डोके फिरते. अशा वेळी चष्मा काढून थोडा वेळ बाकावर शांत बसावे.

मग भूकंपाचा पाठ आला. उर्दूत आपण त्याला जलजला म्हणतो. मोबाइलवर भूकंपाचे एक आभासी दृश्य मिळाले. चष्मा लावला की आपण एका खोलीत असतो, खोली हलू लागते, कपाट पडते, दिवा झोके घेतो. मुलांना ते फारच आवडले. “मॅडम, पुन्हा एकदा!” असा आरडाओरडा सुरू झाला. हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आले. मी मुलांना हसू दिले, कारण त्यांच्या दृष्टीने तो पाळणाच होता. चष्मा टेबलावर ठेवून मी त्यांना माझ्या दादीची हकिकत सांगितली.

माझी दादी सातारा जिल्ह्यातली, पाटणच्या वरच्या अंगाला तिचे गाव. ११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट. रमजानचे दिवस होते. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि दादी सहरीसाठी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती, हे तिला पुढे लोकांकडून कळले, कारण घरात घड्याळ नव्हते. आधी आवाज आला. भरलेला ट्रक घाटातून अंगावर येतो तसा, पण जमिनीच्या आतून. मग फळीवरची भांडी खाली आली, भिंतीची माती तव्यात पडली आणि चिमणी विझली. अंधारात तिने चाचपून लेकराला उचलले आणि ती अंगणात धावली. उजाडल्यावर पाहिले, तर घराची मागची भिंत नव्हती. त्या दिवशीचा रोजा सगळ्यांनी पाण्याच्या घोटावर धरला. पुढे कितीतरी रात्री गाव उघड्यावर झोपले.

कोयनानगर तर पार उद्ध्वस्त झाले. सुमारे २०० माणसे दगावली. पुण्या-मुंबईपर्यंत हादरा जाणवला. भूकंपाची तीव्रता ६.३ होती. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी, इथे मोठा भूकंप होत नाही, असे तोपर्यंत मानले जात होते. त्या पहाटेनंतर जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेचा नकाशा उघडला.

वर्ग शांत झाला होता. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “मॅडम, आवाज आधी कसा आला?” इतका चांगला प्रश्न मला वर्षातून एखाद्या वेळीच मिळतो. जमिनीत भेग सरकली की तिथून दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी वेगवान असतात. कठीण खडकातून त्या सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतात. दुय्यम लहरी सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर जातात, पण जोराने हलवतात त्या याच. पहिल्या लहरींचा थोडा भाग जमिनीतून हवेत शिरतो आणि गडगडाट ऐकू येतो. दादीचे गाव भूकंपाच्या जागेपासून वीसेक किलोमीटरवर. मुलांनी वहीत भागाकार केला. पहिली लहर सव्वातीन सेकंदांत पोहोचली, दुसरी पावणेसहा सेकंदांत. मधे अडीच सेकंद. दादी नेहमी म्हणते, “आवाज झाला आणि मी बिस्मिल्लाह म्हणेपर्यंत भिंत हलली.” तिने न शिकलेले शास्त्र तिच्या वाक्यात अचूक बसलेले पाहून मुले चकित झाली.

दादी आता फार थकली आहे. मागच्या सुट्टीत ती सांगलीला आली, तेव्हा मी तिच्या डोळ्यांना तो चष्मा लावला. कोयनेच्या खोऱ्यात उभे राहून मोबाइलने चहूबाजूंचे छायाचित्र मी आधीच काढून ठेवले होते. दादीने मान इकडून तिकडे वळवली, धरणाच्या भिंतीकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “सगळं दिसतं बेटी, पण काहीच ऐकू येत नाही.” चष्मा काढून तिने पदराने भिंगे पुसली आणि मला परत दिला.

आता भूकंप का झाला, हे दादीला सांगता येत नाही आणि दृश्यातल्या हलणाऱ्या खोलीलाही सांगता येत नाही. त्यासाठी खरोखरच जमिनीच्या आत जावे लागते, आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यात माणसे तसे गेली आहेत. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे. १९६२ च्या सुमारास तिच्यामागे पाणी साठू लागले आणि लहान लहान धक्के सुरू झाले. धरणाच्या पाण्याचे वजन जमिनीवर पडते आणि पाणी खडकांच्या भेगांत झिरपून खोल जाते. तिथे आधीच ताणलेली एखादी भेग असेल, तर या पाण्याच्या दाबाने तिची पकड सैल होते आणि ती सरकते. धरणाने भूकंप जन्माला घातला असे म्हणण्यापेक्षा, दबा धरून बसलेल्या भूकंपाला निमित्त मिळाले असे म्हणणे जास्त बरोबर. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता यांनी कितीतरी वर्षे या प्रश्नाचा अभ्यास केला. धक्के अजूनही होतात, बहुतेक लहान, आणि तेही सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद एवढ्याच टापूत. एवढ्या लहान जागेत इतकी वर्षे सतत होणारे भूकंप म्हणजे शास्त्रज्ञांना चालून आलेली प्रयोगशाळाच. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला त्यासाठी केंद्र उभारले आणि २०१७ पर्यंत कोयना परिसरात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडले.

तीन किलोमीटर हे लिहायला सोपे आहे, डोळ्यांपुढे आणायला कठीण. आमच्या वर्गाची भिंत साधारण तीन मीटर उंच आहे. मुलांनी छतापासून जमिनीपर्यंत तीन मीटरची कागदी पट्टी चिकटवली. एक मीटर म्हणजे एक किलोमीटर. वरचा सव्वा मीटर काळा रंगवला. हा बेसाल्ट खडक, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला आणि थिजलेला लाव्हा. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याकडे नीट पाहिले, तर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. घाटातून एस.टी. जाते तेव्हा कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो. एक थर निवल्यावर पुढचा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात झालेली ती माती. सव्वा मीटरच्या खाली पट्टी गुलाबी रंगवली. तिथे बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागतो. तो अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. म्हणजे लाव्हा येण्याआधी इथे जी जमीन होती, ती अजून आहे तिथेच आहे, फक्त झाकली गेली आहे. मोठे भूकंप होतात ते याच गुलाबी खडकात, आणि तेही बहुतेक पट्टीच्या टोकाच्याही खाली.

मग मुलांनी पट्टीच्या वरच्या टोकाशी धरण काढले. ते अवघे १० सेंटिमीटरचे झाले. माणूस काढायला गेले, तर दीड मिलिमीटरचा! “मॅडम, एवढ्याशा भिंतीने एवढी जमीन हलवली?” असे एकीने विचारले. मी तिला पुन्हा ताणलेल्या भेगेची गोष्ट सांगितली. त्या पट्टीजवळ रोज कोणी ना कोणी उभे राहून बोटाने खोली मोजत असते. ज्यांनी कधी चष्मा लावला नाही, त्यांनाही आता भिंतीमागे खडक दिसतो. याला संवर्धित वास्तव म्हणावे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

खऱ्या संवर्धित वास्तवाचा मला सर्वांत आवडलेला नमुना मी चित्रफितीत पाहिला. तो वाळूच्या पेटीचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात ऑलिव्हर क्रेलॉस यांनी तो केला. पेटीवर खेळाच्या यंत्राचा एक कॅमेरा टांगलेला असतो. वाळू त्याच्यापासून किती अंतरावर आहे, हे तो सतत मोजतो. त्यावरून प्रोजेक्टर वाळूवर रंग टाकतो, उंच भागावर तपकिरी, सखल भागावर निळा, आणि समोच्च रेषाही आखतो. हाताने ढीग केला की रेषा लगेच सरकतात. ढगासारखा पंजा वर धरला की पाऊस पडतो आणि पाणी उतार शोधत वाहू लागते. समोच्च रेषा म्हणजे काय, हे फळ्यावर शिकवता शिकवता माझे किती तास गेले आहेत! त्या पेटीत ते एका मिनिटात कळते.

पेटी नाही, कॅमेरा नाही, प्रोजेक्टर शाळेच्या कार्यक्रमापुरता मिळतो. पण परात आहे आणि कृष्णाकाठची चिकणमाती आहे. आम्ही परातीत सांगली करायची ठरवली.

सांगलीत उंची मोजण्याचे एक माप सगळ्यांना पाठ असते. १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल, आणि त्याच्याजवळ पाण्याची पातळी किती फूट आहे, याचा आकडा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात तापमानासारखा हा आकडा घराघरांत विचारला जातो. कोयना, वारणा आणि कृष्णा या तिन्ही नद्यांच्या खोऱ्यांत पाऊस कोसळतो, धरणांतून पाणी सोडावे लागते, आणि वारणाही सांगलीलगत हरिपूरला कृष्णेत येऊन मिळते. सगळा हिशेब शेवटी पुलाजवळ मांडला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ फुटांच्या वर गेला. २०२१ च्या जुलैतही तो ५० च्या पुढे होता.

मी मुलांना गृहपाठ दिला, “घरातल्या मोठ्यांना विचारा, पुलाजवळ किती फूट पाणी असताना आपल्या उंबऱ्याला पाणी लागले?” दुसऱ्या दिवशी मुलांनी आकडे आणले. कोणी ४२, कोणी ४७, कोणी ५५. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर या भागांना पाणी लवकर गाठते, हे त्यांतून उघड दिसले. आता जरा विचार करा. पुराच्या पाण्याचा पृष्ठभाग गावापुरता जवळजवळ सपाट असतो. मग ज्या आकड्याला पाणी उंबऱ्याला लागले, तीच त्या घराच्या जमिनीची उंची! मोजणीचे यंत्र न आणता आम्हांला गावाची उंचसखल जमीन कळली. ती आयांच्या आणि आजोबांच्या आठवणीत साठवलेली होती.

त्या आकड्यांवरून परातीत माती रचली. प्रत्येक घरासाठी एक आगकाडी रोवली. एक सेंटिमीटर म्हणजे पाच फूट असे प्रमाण धरले. मग नीळ घातलेले पाणी हळूहळू ओतले. ४० फुटांना थांबून पाण्याच्या काठाने पांढरा दोरा चिकटवला. मग ४५, मग ५०, मग ५५. पाणी काढून टाकले आणि वरून पाहिले. दोऱ्यांच्या चार वाकड्यातिकड्या रेषा, एकीच्या आत एक. त्या दिवसानंतर समोच्च रेषा मला पुन्हा शिकवाव्या लागल्या नाहीत.

पाणी ओतताना पहिल्या पाच फुटांत मुले बडबडत होती. ४५ नंतर काड्या बुडू लागल्या, तसे ज्याची काडी बुडेल, तो गप्प होऊ लागला. एक मुलगी सांगू लागली, “२०१९ ला आमचे दादा म्हणत होते, माझ्या जन्मात इथे कधी पाणी आलेले नाही, मी घर सोडणार नाही. आम्ही दोन रात्री गच्चीवर होतो. अम्मी भिजलेले पीठ उन्हात वाळवत होती.” ती सांगत असताना कोणीही हसले नाही, आणि पुन्हा एकदा, असेही कोणी म्हटले नाही. तिच्या घराची काडी ५३ ला बुडाली. तिने ती उपटून पाहिली, ओली झाली होती, आणि पुन्हा त्याच जागी रोवली. मग माझ्याकडे आकडा लिहून मागितला. दादांना दाखवायचा होता. कुठल्या आकड्याला पुस्तके आणि पीठ वर न्यायचे आणि कुठल्या आकड्याला माणसांनी निघायचे, हे तिने दोन ओळींत वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. माणसांचा आकडा तिने ४५ लिहिला. मी कारण विचारले, तर म्हणाली, “दादा तयार व्हायला फार वेळ लावतात. शिवाय रस्ता आमच्या घरापेक्षा खाली आहे, तो आधी बुडतो.”

परात वर्गाच्या कोपऱ्यात आहे. माती वाळून तडकली, की मुले पाणी शिंपडतात. गेल्या आठवड्यात एक मुलगा घाईघाईने आला आणि म्हणाला, “मॅडम, आमच्या घराची काडी थोडी वर घ्या ना. अब्बांनी पोटमाळा बांधला आहे.” मी म्हटले, “काडी जमिनीची उंची सांगते, ती तिथेच राहील. पोटमाळ्यासाठी तिच्याशेजारी दुसरी, लांब काडी लाव.” तो खिशात आगपेटी घेऊनच आला होता.